आधी अंतर, मग दिशा

आमच्या घरात या खेळाचं वेड बायकोनं आणलं. ती भूगोल शिकवते, आम्ही राहतो त्या बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्याच एका शाळेत. सातवीच्या मुलांना अक्षांश-रेखांश म्हणजे नकाशावर उगाच मारलेल्या रेघा वाटतात, त्या रेघा त्यांना प्रत्यक्ष चालून दाखवता येतील का, याचा शोध घेताना तिला जिओकॅशिंग सापडलं. कुणीतरी कुठेतरी एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो, आणि बाकीच्यांनी जीपीएसच्या मदतीनं ती हुडकून काढायची. डबीत कागदाची लहानशी गुंडाळी असते. तिच्यावर सही करायची, डबी होती तशी ठेवायची आणि काही झालंच नाही असा चेहरा करून निघून यायचं.

‘‘मग मिळतं काय?’’ मी विचारलं होतं.

‘‘डबी मिळते की,’’ ती म्हणाली.

ती निपाणीकडची. तिच्या वाक्याच्या शेवटी तो ‘की’ असा येतो, की पुढं काही विचारायची सोयच राहत नाही. मी पुण्याचा. नोकरीसाठी बंगळुरूत आलो तेव्हा मला इथलं ओ की ठो कळत नव्हतं. तिला कन्नड माहेराइतकं जवळचं. रिक्षावाल्यांशी, भाजीवाल्या अक्कांशी, घरमालकांशी सगळं तीच बोलायची. मी शेजारी उभा राहून ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, एवढंच म्हणायचो. शहर मला तिच्यामागून कळत गेलं, आणि हा खेळ सुरू झाल्यावर तर फारच.

सुरुवातीला आमच्याकडे ऑफिसातल्या एकानं देऊन टाकलेलं हातात धरायचं जुनं जीपीएस यंत्र होतं. त्यात ठिकाणाचं नाव आणि आकडे एवढंच मावायचं. डबी केवढी, लपवणाऱ्यानं काय वर्णन केलंय, सूचक खूण कोणती, आधी येऊन गेलेल्यांनी काय लिहिलंय, हे सगळं आदल्या दिवशी छापून न्यावं लागे. ते काम तिचं. शनिवारी संध्याकाळी ती कागद छापायची, महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनानं रेघा मारायची आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालायची. रविवारी सकाळी आम्ही निघायचो. यंत्र माझ्या हातात, कागद तिच्या. मी बाणाकडं बघत चालायचो आणि ती वर्गात वाचावं तसं मोठ्यानं वाचायची. ‘‘ऐक. ‘जिथे दगड पाणी पितो’. म्हणजे तळ्याची पायरी असणार.’’ ती बहुतेक वेळा बरोबर असायची. तळ्यांच्या काठाला, उद्यानांच्या कठड्यांखाली, जुन्या झाडांच्या मुळांत आम्ही गुडघे टेकून हात घातले. आजूबाजूच्यांनी विचारलं तर ती बिनदिक्कत सांगायची, किल्ली पडलीय.

पुढं कधीतरी ती संध्याकाळच्या वेळी माझं कोपर धरू लागली. मला ते आवडायचं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको हात धरून चालते याचं मला मनातून कौतुकच वाटायचं. ती पायरीशी थबकायची, तेव्हा चप्पल सैल झाली असेल असं वाटायचं. मग एका रविवारी अगराच्या तळ्यावर, भर उन्हात, ती कागद हातात घेऊन नुसतीच उभी राहिली.

‘‘वाच ना,’’ मी म्हणालो.

‘‘थांब की जरा.’’ तिनं कागद जवळ नेला, लांब नेला, सावलीत वळवला. ‘‘हा कागद फार पांढरा आहे. ओळच सापडेना झालीय.’’

मी हसलो. तिला हसू आलं नाही. परत निघताना वाटेच्या कडेला बसायचा दगडी कट्टा होता, चांगला गुडघ्याइतका उंच. ती सरळ त्याच्यावर जाऊन आदळली. कट्टा तिच्या उजव्या हाताला होता. मला दिसत होता आणि तिला दिसला नव्हता.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी चित्र काढून समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा आजार, जन्मापासून अंगात असलेला. आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेचं जातं. बघायची जागा आक्रसत जाते, नळीतून पाहावं तशी. प्रखर उजेड सोसत नाही. किती वेगानं वाढेल ते सांगता येत नाही, मधली नजर बरीच वर्षं टिकूही शकते. थांबवणारं औषध सध्या नाही. बायकोनं मुलांच्या शंका ऐकाव्यात तसं नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘शिकवता येईल ना?’’

‘‘येईल,’’ डॉक्टर म्हणाल्या. ‘‘पद्धत बदलावी लागेल.’’

त्या आठवड्यात तिनं कागदांचं फोल्डर माळ्यावर टाकलं. रद्दीत दिलं असतं तर मला कमी लागलं असतं.

मी सॉफ्टवेअरच्या चाचण्या घेतो, नोकरीच ती आहे. लोकांनी बनवलेली ॲप्स दिवसभर मोडायची आणि कुठं मोडली ते लिहून कळवायचं. त्यामुळं मला जे सुचलं ते माझ्या धंद्यातलंच होतं. कागद नको असेल तर बिनकागदाचं जिओकॅशिंग करू. वर्णन, खूण, लोकांचे शेरे, सगळं फोनमध्ये येतं आता. त्यासाठीची ॲप्स पुष्कळ आहेत, त्यातलं एक चांगलंसं निवडायचं. तिला न सांगता मी कामाला लागलो. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या आवारात फिरत एकेक ॲप तपासायचो. तक्ताच केला. नकाशा किती स्वच्छ, बाण किती स्थिर, बॅटरी किती खातं, नेटवर्क नसताना चालतं का, अक्षरं केवढी मोठी होतात. एका ॲपनं सगळ्यांत जास्त गुण मिळवले. दिसायला देखणं, नकाशा झकास. आणि त्यात एक सोय होती, जिला मी तक्त्यात सगळ्यांत वरची जागा दिली होती: चालणारा माणूस कुठं आहे ते दुसऱ्याला आपल्या फोनवर क्षणोक्षणी दिसायचं.

रविवारी सकाळी चहाबरोबर मी तिच्यापुढं फोन ठेवला. मोठ्या काळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं.

‘‘काय हे?’’

‘‘वाच.’’

तिनं वाचलं. ओळखीच्या खेळाच्या ओळखीच्या खुणा. तिचा चेहरा बदलला, आणि मी खूश झालो. मग ती म्हणाली, ‘‘अक्षरं आज दिसतात. पुढं नाही दिसली तर? तो वाचून दाखवणारा आवाज चालू कर बघू.’’

फोनमध्ये अशी सोय असते, की बोट ठेवाल ते तो बोलून दाखवतो. ती वापरायला बायको शाळेतल्या एका अंध शिक्षकांकडून शिकत होती, हे मला माहीत नव्हतं. मी सोय चालू केली. तिनं डोळे मिटले आणि पडद्यावर बोट फिरवलं.

‘‘बटण,’’ फोन म्हणाला.

तिनं बोट सरकवलं.

‘‘बटण. नाव नाही.’’

पुन्हा सरकवलं. ‘‘बटण. नाव नाही. चित्र. बटण.’’

नकाशावर बोट गेलं तर तो गप्पच. ती हसायला लागली. ‘‘अरे, हे तर सगळं बटणांचंच दुकान झालं!’’ हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले, आणि ते हसण्याचं पाणी आहे की कशाचं ते मला कळेना. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

‘‘एवढे दिवस जेवणाच्या सुट्टीत हे करत होतास?’’

‘‘हो.’’

‘‘जेवत होतास की नाही?’’

‘‘जेवत होतो.’’

‘‘मग बस इथं,’’ ती म्हणाली. ‘‘आता मी निवडते. वापरायचं मला आहे.’’

त्यानंतरचे कितीतरी शनिवार आम्ही जेवणाच्या टेबलाशी समोरासमोर बसून घालवले. मी ॲप उतरवून द्यायचो, ती डोळे मिटून त्याची परीक्षा घ्यायची. तिचे निकष माझ्या तक्त्यात कुठंच नव्हते. मागे जायचं बटण नेहमी एकाच जागी आहे का. खूण वाचायची असेल तर किती ठिकाणी बोट टेकवावं लागतं. लोकांचे शेरे वाचताना मधेच थांबवता येतं का, की संपेपर्यंत ऐकावंच लागतं. चालताना फोन खिशात असेल, तरी तो बोलेल का. खूण आयती कळू नये म्हणून ती संकेतस्थळावर गुप्त लिपीत दिलेली असते; एक ॲप ती उलगडून दाखवल्यावरही मूळ लिपीतलीच वाचायचं. ‘‘ग्व्न उर्र प्ल्ब’’ असलं काहीतरी. ‘‘ह्याला मंत्र म्हणायला बसवलंय,’’ म्हणून तिनं ते काढून टाकायला लावलं. दुसरं एक छान होतं, पण नेटवर्क गेलं की मुकं व्हायचं. झाडीत नेटवर्क जातंच. तेही बाद.

शेवटी राहिलं ते एक अगदी कुरूप ॲप. माझ्या पहिल्या चाळणीत मी त्याच्याकडं बघितलंही नव्हतं. राखाडी पडदा, नकाशा नावापुरता, चित्रं नाहीतच. परदेशात कुठंतरी एकटाच माणूस हौसेनं ते बनवत होता. पण त्यात प्रत्येक बटणाला नाव होतं. डब्यांची यादी आदल्या दिवशी फोनमध्ये भरून ठेवली की नेटवर्क लागत नव्हतं. आणि फोन खिशात असला तरी थोड्या थोड्या वेळानं तो बोलायचा: दिशा, मग अंतर.

‘‘हे उलटं पाहिजे,’’ ती म्हणाली.

‘‘काय उलटं?’’

‘‘आधी अंतर, मग दिशा. आधी दिशा सांगितली की मी लगेच तिकडं वळते, आणि पुढचं ऐकायचं राहून जातं. किती लांब आहे ते आधी कळलं तर पाय घाई करत नाहीत.’’

मी सवयीप्रमाणे त्या माणसाला कळवलं. नोकरीत कळवतो तशाच कोरड्या भाषेत, त्रुटी आणि सुचवलेला बदल. उत्तराची अपेक्षा नव्हती. काही दिवसांनी आलं. आपलं ॲप कुणी न बघता वापरत असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं, असं त्यानं लिहिलं होतं, आणि आणखी काय बदलू म्हणून विचारलं होतं. बायकोनं मग त्याच्यासाठी भलंमोठं उत्तर माझ्याकडून लिहून घेतलं. शिक्षकाला कुणी विचारलं की तो थांबत नाही. दिशा ईशान्य-आग्नेय अशी नको, घड्याळाच्या आकड्यांत सांग: दोन वाजता, दहा वाजता. अगदी जवळ आल्यावर आकडे बोलू नकोस, नुसता थरथर. पुढच्या नव्या आवृत्तीत ते सगळं होतं.

आणि तिथंच आमचं भांडण झालं. त्या ॲपमध्ये तिची जागा मला दिसायची सोय नव्हती.

‘‘ती फोनमधूनच करता येते,’’ मी म्हणालो. ‘‘वेगळी. मी लावून देतो.’’

‘‘नको.’’

‘‘अगं, सुरक्षिततेसाठी. तू रस्ता चुकलीस तर...’’

‘‘अहो,’’ ती म्हणाली.

ती मला एरवी ‘तू’ म्हणते. ‘अहो’ आलं की समजायचं प्रकरण गंभीर आहे.

‘‘अहो, परीक्षेत बाई मागं येऊन उभ्या राहिल्या की येणारी गणितंसुद्धा चुकतात. तुम्ही घरात बसून तो ठिपका बघणार. ठिपका थांबला की फोन करणार. मग मी डबी शोधू की तुमच्यासाठी नीट चालून दाखवू?’’

‘‘मला काळजी वाटते.’’

‘‘वाटू दे की. मलाही वाटते.’’ मग आवाज खाली आणून, ‘‘हरवले तर मीच फोन करीन. एवढं येतं मला.’’

दोन दिवस आम्ही गरजेपुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी शाळेतल्या त्या शिक्षकांनी सुचवलेल्या एक बाई घरी आल्या आणि तिला पांढरी काठी घेऊन चालायला शिकवू लागल्या. आमच्याच गल्लीत. पहिल्या दिवशी मी गच्चीतून बघत होतो. काठी फुटपाथच्या उखडलेल्या फरशीत अडकायची, ती थांबायची, काठी सोडवायची, पुढं जायची. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या अण्णांनी आपला टेकू दिलेला फळा तिच्या वाटेतून आत ओढला. ती त्यांना काहीतरी म्हणाली. तेही काही म्हणाले आणि दोघं हसले. मी खाली आलो आणि भांडी घासायला घेतली. तिची जागा मला दिसण्याचा विषय मी पुन्हा काढला नाही.

पहिल्यांदा आम्ही दोघं मिळूनच गेलो, अगराच्या तळ्यावर. ती पुढं, मी चार पावलं मागं, बोलायचं नाही अशा अटीवर. तिच्या एका कानात इअरफोन. मला काहीच ऐकू येत नव्हतं. नुसती तिची पाठ दिसत होती. ती थबकायची, मान किंचित वळवायची, पुन्हा निघायची. मी डबी कुठं असेल ते नजरेनं शोधत होतो आणि जीभ दातांखाली धरून होतो. ती एका पिंपळाशी गेली, बसली, मुळांमधून बोटं फिरवली. फार वेळ फिरवली. मग मला बोलावलं. मीही शोधलं. डबी नव्हतीच. कुणी उचलून नेली होती की पावसात वाहून गेली, कोण जाणे. आम्ही मातीच्या हातांनी तिथंच बसलो, ती म्हणाली, ‘‘पण आले की नाही बरोबर झाडाशी?’’ मी म्हटलं, आलीस. घरी येताना वाटेत दोघांनी शहाळं प्यायलं.

त्यानंतरच्या एका रविवारी ती एकटी गेली. इंदिरानगरमधलं एक उद्यान, चांगलं जुनं, सावलीचं. सकाळी उप्पीट खाऊन तिनं काठी उलगडली, फोन कमरेच्या पिशवीत घातला आणि रिक्षा बोलावली. रिक्षावाल्याला कन्नडमध्ये पत्ता सांगितला. मला ‘‘येते’’ म्हणाली. मी ‘‘ये’’ म्हणालो. इतकं साधं बोलणं मला फार जड गेलं.

त्या सकाळी मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. फ्रिज पुसला. चपला लावून ठेवल्या. फोन पालथा ठेवला, मग सुलटा. वरच्या मजल्यावरच्या अक्का कढीपत्ता मागायला आल्या, त्यांना मी दाराशी इतका वेळ बोलत धरून ठेवलं, की त्याच शेवटी ‘‘स्वल्प काम आहे’’ म्हणून निघाल्या. जेवायची वेळ झाली. भात केला. भात निवला. फोन करायचा नाही असं ठरलं होतं, आणि तिनं फोन केला नव्हता, म्हणजे ती हरवलेली नव्हती. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा समजावत होतो.

दार उघडलं तेव्हा ती घामानं डबडबलेली होती आणि सलवारीच्या गुडघ्यांना माती लागली होती. चेहऱ्यावर असं काही होतं, की मी विचारायचंच विसरलो. तिनं मूठ पुढं केली आणि उघडली. तळहातावर एक कानातलं. सोन्याचं, मोत्याचा लोंबता मणी असलेलं. एकच.

‘‘हे कुणाचं?’’

‘‘तेच मला माहीत नाही,’’ ती म्हणाली आणि खुर्चीत बसून हसू लागली. ‘‘आधी पाणी दे.’’

झालं होतं असं. फोननं तिला बरोबर एका दगडी बाकापाशी आणलं. थरथर सुरू झाली. ती बाकाखाली हात घालून चाचपत होती, तेवढ्यात कुणीतरी विचारलं, ‘‘एनु हुडुक्ता इद्दीरा, अक्का?’’ काय शोधताय? सकाळी फिरायला येणारे एक आजोबा. तिनं नेहमीप्रमाणे किल्ली म्हणायला हवं होतं, पण घाईत तोंडातून निघालं, कानातलं पडलंय. झालं. आजोबांनी हाका मारल्या. त्यांचा सगळा गट गोळा झाला, सहा-सात पेन्शनर, कुणी टोपीवाले, कुणी मफलरवाले. ‘‘नीवु कूत्कोळ्ळी,’’ तुम्ही बसा हो, असं म्हणून त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि स्वतः गवतात ओणवे झाले. ती बसली, हात सहज बाकाच्या फळीखाली गेला, आणि बोटांना चुंबकानं चिकटलेली डबी लागली.

‘‘डबी हातात आहे, आणि एवढे म्हातारे माझ्यासाठी गवत विंचरालेत! काढू कशी? सांगू कशी? त्यांना म्हटलं, राहू दे हो, जुनंच होतं. तर ते म्हणाले, असं कसं, सोनं आहे. एकजणांनी तर माझे दोन्ही कान मोकळे आहेत ते बघितलं असणार, म्हणाले, दुसरंही पडलं का? मी म्हटलं, दुसरं घरी काढून ठेवलं.’’

‘‘मग?’’

‘‘मग कुणीतरी ओरडलं, ‘सिक्तु!’ सापडलं! आणि माझ्या हातात हे ठेवलं. टाळ्या वाजवल्या रे सगळ्यांनी.’’

आता ती हसत नव्हती. कानातलं बोटांनी उलटसुलट करत होती. ‘‘कुणाचं तरी खरंच हरवलंय हे. कुणीतरी शोधत असेल. आणि त्यांना मी खोटं सांगितलं. माझ्यासारखीला मदत करायची म्हणून ते खाली वाकले.’’

‘‘मदत तर कुणालाही केली असती,’’ मी म्हणालो.

‘‘केली असती,’’ ती म्हणाली. ‘‘तरी उद्या जाऊन खरं सांगते.’’

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी ती गेली. या वेळी मला म्हणाली, चल. ‘‘सोबत म्हणून नको येऊ. साक्षीदार म्हणून ये.’’

आजोबांची मंडळी त्याच बाकाजवळ व्यायाम म्हणून हात हलवत उभी होती. तिनं त्यांना सगळं सांगितलं. माझं कन्नड अजूनही ‘सरी’च्या पलीकडे फारसं गेलेलं नाही, पण ती काय बोलतेय ते मला तिच्या हातांवरून समजत होतं. तिनं फोन काढून त्यांना ऐकवला. अंतर, मग दिशा. मग बाकावर बसली, फळीखाली हात घातला आणि डबी काढून त्यांच्यापुढं धरली. बंदुकीच्या गोळीएवढी डबी, आत कागदाची सुरळी.

सगळ्यांचे हलणारे हात थांबले. मला वाटलं, रागावले. मग टोपीवाले आजोबा म्हणाले, म्हणजे आम्ही रोज याच्यावर बसत होतो? आणि सगळे असे हसले, की झाडावरचे कावळे उडाले. रागवायचं कुणाला सुचलंच नाही. कुणी येतंय का बघायला दोघं वाटेवर उभे राहिले, बाकीच्यांनी तिच्याभोवती कडं केलं, आणि तिनं अंगठ्यानं कागदाची कड चाचपून सही केली. सही वर चढत गेली, आधीच्या कुणाच्या तारखेवर बसली. मग आजोबांच्या मंडळींनाही सह्या करायच्या होत्या. तसा हट्टच धरला त्यांनी. त्या इवल्याशा सुरळीवर कन्नडमधल्या गोलगोल सह्या उतरल्या आणि सुरळी संपली. डबी लपवणाऱ्याला नवी सुरळी ठेवायला सांगावं लागलं.

कानातलं उद्यानाच्या कचेरीत दिलं. फाटकावरच्या फलकावर सूचना लागली. पुष्कळ दिवस कुणी आलं नाही. आजोबा तिला फोन करून कळवत राहिले, अजून नाही, अजून नाही. मग एकदा कळलं, की समोरच्या इमारतीतली एक मुलगी येऊन घेऊन गेली. आजीचं होतं. आजी आता नाही, म्हणून ते हरवल्याचं घरात सांगायची तिला भीती वाटत होती. बायकोनं हे मला सांगितलं आणि खिडकीशी जाऊन बसली.

आता तिची नजर त्या वेळेपेक्षाही कमी झाली आहे. फळ्यावर लिहायचं तिनं सोडलं. मुलांकडून लिहून घेते, आणि मुलं म्हणतात की बाईंना न बघता सगळं दिसतं. रविवारी ती कधी एकटी जाते, कधी आजोबांच्या मंडळींबरोबर. त्यातल्या दोघांनी ते राखाडी ॲप आपापल्या फोनवर घेतलंय, कारण त्यांच्याशी इतकं बोलणारं घरात दुसरं कुणी नाही, असं ते म्हणतात. मी कधी जातो, कधी जात नाही. घरी राहिलो तर भात वेळेवर करतो आणि फ्रिज पुसत नाही.

मागच्या महिन्यात मात्र तिनं आपण होऊन मला बोलावलं. डबी इथल्या, बंगळुरूच्या शिवाजीनगरला होती, बसस्थानकाच्या मागच्या बाजूला, बाजाराच्या तोंडाशी. बसचे भोंगे, फळवाल्यांच्या हाका, दुकानांतली गाणी, मशिदीतून येणारी अजान. कानातला आवाज तिला ऐकूच येईना. तिनं इअरफोन काढला, काठी दुमडून पिशवीत टाकली आणि माझं कोपर धरलं.

‘‘इथं याचं काही चालणार नाही,’’ ती म्हणाली. ‘‘तू बोल.’’

मी फोन हातात घेतला आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन वाचत चाललो. गर्दी आम्हाला दोन्ही बाजूंनी ढकलत होती. एका टपरीमागच्या लोखंडी कठड्याशी आम्ही थांबलो. ती एका बाजूनं चाचपत निघाली, मी दुसऱ्या बाजूनं. मधल्या खांबाशी आमचे हात एकमेकांना लागले. डबी तिच्याच बोटांखाली होती, पण तिनं लगेच काढली नाही. मलाही घाई नव्हती. टपरीवाला आमच्याकडं बघत राहिला आणि मग त्यानं न विचारताच दोन चहा पुढं केले.